उपडा टोप

१८ ऑगस्ट २०२५
जेसल पार्क, भाईंदर पूर्व

डॉ. पंचशीला हनवते यांस,
जयभीम.

हे पत्र बाप म्हणून लिहीत नाही, कामगार संघटनेचा सरचिटणीस म्हणून लिहितो आहे. जूनमध्ये मी तुम्हाला सांगितलं होतं की माझ्या दारात पाऊल ठेवू नका. ते अजून कायम आहे. तुमच्या मीरा रोडला रिक्षानं वीस मिनिटांत पोचता येतं, तरी पत्र टपालानं पाठवतो आहे, कारण माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवला आहे.

तुमच्या कर्तबगारीचं फळ कळवतो. वैजयंताबाई तुम्हाला आठवत असतील. तुम्ही शाळेत असताना कारखान्याच्या गेटवर माझा डबा घेऊन यायचात, तेव्हा तुमच्या हातावर चिक्की ठेवणारी बाई. स्टीलची भांडी पुसून, तपासून, कागदात गुंडाळून खोक्यात भरण्यात तिची एकोणीस वर्षं गेली. परवा दुपारी तिनं दहा लिटरचा एक टोप जमिनीवर उपडा घातला आणि त्यावर पाच मिनिटं टेकली. सुपरवायझरनं मोबाइलवर फोटो काढला. टोपाच्या बुडाला पोचा आला. तयार मालाची नासाडी केली, असा आरोप ठेवून तिला त्याच संध्याकाळी निलंबित केलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं आहे.

टोपावर का बसली? कारण स्टूल नव्हतं. स्टूल का नव्हतं? हा प्रश्न मी तुम्हाला विचारतो आहे, कारण उत्तर तुमच्या अहवालात आहे.

२००९ साली या बायकांनी अकरा दिवस काम बंद ठेवलं, पगारवाढीसाठी नाही, स्टुलांसाठी. शेठ हसला होता, "गुणवंतभाई, बसण्यासाठी संप?" मी त्याला म्हटलं होतं, शेठ, माझ्या आजोबांना मुखेडजवळच्या आमच्या गावात पाटलाच्या ओट्यासमोर बसायची मुभा नव्हती. चार चार तास ते उन्हात उभे राहायचे, काम दोन मिनिटांचं असायचं. बसणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही, ते ज्याला बसू दिलं नाही त्यालाच कळतं. बाराव्या दिवशी अडतीस स्टुलं आली. तेव्हा तुम्ही तेरा वर्षांच्या होतात, टाळ्या वाजवत होतात.

सोळा वर्षांनी त्याच मुलीनं कारखान्याला लिहून दिलं की बसणं हा रोग आहे. कमी बसा, जास्त हला. मालकाला एवढंच हवं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात परिपत्रक लागलं आणि अडतीसच्या अडतीस स्टुलं उचलून गच्चीवर टाकली गेली. ते परिपत्रक मी सगळ्यांसमोर फळ्यावरून ओढून काढलं, चार तुकडे केले. गेटवर पाऊण तास बोललो आणि तुमचं नाव घेऊन बोललो. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

वैजयंताबाईंची चौकशी १२ सप्टेंबरला आहे. तिथे येऊन तुम्ही एवढंच सांगायचं, की माझा अहवाल चुकला. चूक कबूल करायला धैर्य लागतं, हे मी तुम्हाला लहानपणीच शिकवलं आहे.

गुणवंत हनवते
सरचिटणीस


२७ ऑगस्ट

पंचशीला,

उत्तर नाही. ठीक आहे. मालकांनाही माझ्या पत्रांना उत्तर द्यायची सवय नाही, तुला त्यांची सवय लागली असेल.

तुझी आई तुझ्याशी बोलते हे मला माहीत आहे. बाथरूमचा नळ सोडून बोलते. नळाच्या आवाजात मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं. रोज संध्याकाळी पायात बूट घालून खाडीच्या बाजूला चालायला जाते. काल मी म्हटलं, "सुलू, मुलीनं तुलाही कामाला लावलं वाटतं." तर म्हणाली, "मला लावलं नाही, मी लागले. तुमचं ब्लड प्रेशर भाषणानं वाढतंय की युनियनच्या खुर्चीत दिवसभर बसून, तेवढं तिला एकदा विचारून घ्या." तुझ्या आईला इतकी वर्षं दोन माणसांसमोर बोलता येत नव्हतं. आता घरात माझ्यावरच सभा घेते.

परवा कामासाठी वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात गेलो होतो. तुझा उपक्रम पाहिला. दर चाळीस मिनिटांनी सगळ्यांचे फोन वाजतात आणि बाबूलोक उठून उभे राहतात, शाळेत गुरुजी आल्यावर उभे राहावं तसे. पाण्याचं यंत्र मुद्दाम पार टोकाला नेऊन ठेवलंय, म्हणजे पाण्यासाठी चालावं लागेल. मीटिंग उभ्यानं. हिशेब खात्यातला कौस्तुभ मला बघून खूश झाला. "सर, पंचशीला मॅडमनी माझी पाठ वाचवली. ऑपरेशन सांगितलं होतं, आता दोन किलोमीटर चालतो." मी म्हटलं, "चांगलं आहे. आता जरा खाली चालत ये, म्हणजे तुझ्या पाठीची किंमत कोणाच्या पायांनी दिली ते दिसेल." त्याचं तोंड उतरलं. पोरगा वाईट नाही. पण मला राहवलं नाही.

खाली काय चाललंय ऐक. स्टुलं गेल्यापासून बायका नऊ तास उभ्या. जूनमध्ये त्या खोक्यांवर टेकायच्या, ती खोकी दबतात म्हणून बंदी आली. जुलैमध्ये भिंतीला टेकायच्या, तिथे सुपरवायझरनं "आळस म्हणजे आजार" असा रंगीत कागद चिकटवला. मग कोणीतरी पहिला टोप उपडा घातला. दहा लिटरचा टोप बसायला बरोबर उंचीचा असतो म्हणे. दुपारी तीनच्या सुमाराला आळीपाळीनं बसायच्या, एक जण दारावर लक्ष ठेवायची. आपल्याच हातानं घासून चमकवलेल्या भांड्यावर चोरून बसायचं. वैजयंताबाईंचा नंबर आला आणि दारावरची नवी मुलगी संचिता नेमकी पाणी प्यायला गेली.

वैजयंताच्या पायाच्या शिरा मी पाहिल्या. साडी घोट्याच्या वर धरून तिनं दाखवल्या. दोरखंडासारख्या, निळ्या, गाठी गाठी. म्हणाली, "भाऊ, रात्रीचं ह्ये पाय माझे न्हाईत असं वाटतंय. कुणाचे तरी आणून लावलेत."

हे सगळं तू केलंस. तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसांचं हेच होतं. आजार पाहता, माणूस पाहत नाही. बसणारा कोण आणि उभा कोण, एवढं तरी विचारायचं होतंस.

१२ तारखेला ये.

गुणवंत हनवते


६ सप्टेंबर

पंचशीला,

तुझं उत्तर मिळालं. त्याला उत्तर म्हणायचं तर. तुझ्या आईच्या फोनवर तीन शब्द: पान ३१ वाचा.

बापाच्या दोन पत्रांना तीन शब्द. आणि त्यातही आज्ञा. मी वाचत आलेला माणूस आहे हे तू विसरलीस. कंदिलावर वाचलं, कारखान्याच्या जिन्यात वाचलं, तुझा पाळणा पायानं हलवत वाचलं. कोणतं पान वाचायचं ते मला कोणी सांगायची गरज नाही.

तुझा अहवाल जानेवारीतच तू घरी आणून ठेवला होतास. चाळीसेक पानं, इंग्रजी. कपाटात वरच्या फळीवर आहे, मी उघडलेला नाही. मालकानं करवून घेतलेला कागद मालकाच्याच बाजूचा असतो, तो वाचून मत बदलायचं नसतं, हे मी चाळीस वर्षांत शिकलो. तू आणून ठेवलास तेव्हाही मी म्हणालो होतो, "शेठची पायवाट झाडायला गेलीस, ती झाडून घे, मला केराचं वाचन नको."  पाणी प्यायलीस आणि गेलीस.

या आठवड्यात चौकशीची तयारी आहे, खूप धावपळ आहे. वाचायला वेळ झाला नाही. आणि चौकशी टोपाची आहे. स्टुलांचा मुद्दा तिथे काढावा की नाही याचा विचार करावा लागेल. डावपेच असतात, ते सगळेच पत्रात लिहिता येत नाहीत.

तुझी आई विचारते, "वाचलं का?" मी म्हटलं, वेळ नाही. ती म्हणाली, "कपाटाचं दार उघडं आहे म्हणून विचारलं."

आलीस तर ये. नाही आलीस तरी चालेल. बहुतेक तुझी गरज लागणार नाही.

गुणवंत


१३ सप्टेंबर

पंचशीला,

काल चौकशी झाली. तू आली नाहीस.

मी बोललो. बाहेरच्या व्हरांड्यात बायका उभ्या होत्या, त्यांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. एकोणीस वर्षं हा हात भांडं पुसतोय, आणि एका पोच्यासाठी तुम्ही हा हात तोडणार? टोपाला पोचा आला तर तो ठोकून काढता येतो, माणसाला आलेला पोचा कोण ठोकणार? व्हरांड्यात टाळ्या पडल्या. चौकशी अधिकाऱ्यानंही चष्मा काढून पुसला. तिचं वय, तिची नोकरी, तिचं वैधव्य, सगळं मांडलं. दया मागितली नाही, पण दया येईल असं बोललो.

शेवटी चौकशी अधिकाऱ्यानं वैजयंताला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, स्टुलाचं?"

मी म्हटलं, "ते नंतर, वैजयंताबाई."

तिनं मान हलवली. "नंतर म्हंजे?"

पर्सोनेलच्या नीलम मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. पुढची तारीख २६ सप्टेंबर मिळाली.

बाहेर आल्यावर बायका म्हणाल्या, भाऊ, काय बोललात! वैजयंता एकटी बाजूला चप्पल शोधत होती. तिचे पाय चपलेत जात नव्हते.

मला झोप नीट लागत नाही. साखर वाढली असेल. एवढंच कळवायचं होतं.

गुणवंत


२९ सप्टेंबर

पंचू,

वैजयंतानं राजीनामा दिला. २६ तारखेला ती चौकशीला आलीच नाही. आदल्या दिवशी नीलम मॅडमनी तिला बोलावलं, चौकशी मागे घेतो, सन्मानानं जा, म्हणाल्या. तिनं अंगठा दिला. सही येते तिला, तुझ्या आईनंच शिकवली होती. तरी अंगठा दिला.

आता मी जे लिहितो ते एका बैठकीत लिहितो. थांबलो तर पुन्हा वकिली सुरू करेन.

पान ३१ मी वाचलं आहे. तुझा निरोप आला त्याच दिवशी, म्हणजे ५ सप्टेंबरला. तुला लिहिलं की वेळ झाला नाही, तेव्हा ते वाचून एक रात्र उलटली होती. तू लिहिलं आहेस, त्याचं माझं मराठी असं:

"हा उपक्रम दिवसाला सहा तासांहून जास्त बसून काम करणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी आहे. पॅकिंग विभागातल्या महिला आधीच दिवसभर उभ्या असतात. त्यांना तो लागू करू नये. एकाच स्थितीत अडकून राहणं शरीराला घातक, मग ते बसून असो वा उभं राहून. त्यांची स्टुलं कोणत्याही कारणानं हलवू नयेत. ती त्यांनी २००९ साली अकरा दिवस काम बंद ठेवून मिळवलेली आहेत."

आरोग्याच्या अहवालात संपाचा उल्लेख कोणी करत नाही. तू केलास. मालकाच्या कागदात, मालकाच्या पैशानं, तू माझा संप लिहून ठेवलास. आणि मी तुझं नाव घेऊन गेटवर पाऊण तास बोललो.

एकाच स्थितीत अडकू नये, हे तर मीच तुला विहारात शिकवलं होतं. चालणं, उभं राहणं, बसणं, पहुडणं, असे चार इर्यापथ, चारही जाणिवेनं करायचे. तू आठ वर्षांची होतीस. तू लक्षात ठेवलंस आणि त्याचं शास्त्र शिकलीस. मी त्यातलं एकच धरून बसलो.

मग स्टुलं कोणी काढली? हे आतापर्यंत मी कोणालाच सांगितलेलं नाही.

मी काढली.

मार्चमध्ये वरच्या मजल्यावर तुझा उपक्रम सुरू झाला. मला कळलं ते असं, की ऑफिसवाल्यांच्या आरोग्यासाठी काहीतरी चाललंय आणि खालच्यांना त्यातून वगळलंय. वगळलंय एवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. का वगळलंय, हे कपाटातल्या वरच्या फळीवर होतं. हात वर करायचा होता फक्त. त्याऐवजी मी गेटवर उभा राहिलो आणि म्हणालो, वरच्या मजल्यावरच्या पाठीला पाठ म्हणता, मग खालच्या मजल्यावरच्या पाठीला काय ओझ्याचं जनावर म्हणता? टाळ्या. त्याच दिवशी, ३ मार्चला, युनियनच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात मागणीपत्र दिलं: "हा उपक्रम केवळ कार्यालयीन कर्मचाऱ्यांपुरता न ठेवता, कोणताही भेदभाव न करता, सर्व कामगारांना सरसकट लागू करावा."

तीन महिन्यांनी त्यांनी माझी मागणी मान्य केली. आयुष्यात इतकी सहज मान्य झालेली ही एकच मागणी. परिपत्रकाची पहिली ओळ होती, "कामगार संघटनेच्या ३ मार्चच्या पत्रानुसार". ती ओळ मी वाचली आणि कागद फळ्यावरून ओढला. सगळ्यांना वाटलं भाऊ भडकले. मी ती ओळ कोणी वाचायच्या आत फाडत होतो. तुकडे खिशात घालून घरी आणले, अजून आहेत.

मग कोणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं. तुझं घेतलं.

अजून एक. ११ सप्टेंबरला, चौकशीच्या आदल्या दिवशी, नीलम मॅडमचा फोन आला. "सर, स्टुलांचा विषय काढलात तर आम्हाला तुमचं मार्चचं पत्र फाइलवर ठेवावं लागेल. नाही काढलात तर विषय फक्त टोपाचा राहील. बघा, तुमच्यावर आहे." मी म्हटलं, बघतो. मी बघितलं. पान ३१ माझ्या पिशवीत होतं, दुमडून, डायरीत. वैजयंता "भाऊ, स्टुलाचं?" म्हणाली तेव्हा माझा हात पिशवीवर होता. ते पान टेबलावर ठेवलं असतं तर तिची बाजू उभी राहिली असती आणि माझी पडली असती. मी म्हटलं, नंतर.

नंतर म्हणजे चौदा दिवस. तेरा दिवस ती वाट बघत होती की भाऊ काहीतरी करतील. मग तिला कळलं असावं. काय कळलं ते मला माहीत नाही, पण अंगठा त्याचाच आहे.

क्षमा मागत नाही. मागितली तर मी ती उत्तम शब्दांत मागेन, आणि मला स्वतःचे उत्तम शब्द आता नकोत.

पप्पा


१९ ऑक्टोबर

पंचू,

काय झालं ते क्रमानं सांगतो.

३० तारखेला गेटमीटिंग बोलावली. शिफ्ट सुटल्यावर बायका नेहमीसारख्या येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आधी बसा. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी आतून पुठ्ठे आणले, पसरले आणि बसल्या. मी परिपत्रकाचे चार तुकडे दाखवले, माझं मार्चचं पत्र वाचलं, तुझं पान ३१ वाचलं. नीलम मॅडमचा फोनही सांगितला. सहा मिनिटांत संपलं. टाळ्या पडल्या नाहीत. गेटवरचा वॉचमन बंटी म्हणाला, "बस? इतनाही?"

संचिता उठली. दारावर लक्ष ठेवायची जिची पाळी होती ती. तेव्हापासून ती पोर स्वतःला दोष देत होती, हे मला माहीत होतं, आणि मी तिला "असू दे बाळ" म्हणत होतो.

"म्हणजे भाऊ, आम्ही चार महिने उभ्या राहिलो त्या तुमच्या पत्रामुळे?"

"हो."

"आणि शिव्या पंचशीलाताईंना दिल्या."

"हो."

"आणि मावशीची नोकरी गेली तेव्हा हे पान तुमच्या पिशवीत होतं."

मी हो म्हणालो, पण आवाज आला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "मोठ्यानं सांगा ना. एरवी तर स्टेशनपर्यंत ऐकू जातं."

मी पुन्हा म्हणालो, हो.

सरचिटणीसपद सोडलं. बायकांनी माझं पत्र आणि पान ३१, दोन्ही कागद जोडून कारखाना निरीक्षकाकडे तक्रार केली. कायद्यातही उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय करायला सांगितलं आहे, ते संचितानं शोधून लिहिलं, मला विचारलं नाही. निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी स्टुलं गच्चीवरून खाली आली. चार महिने पावसात होती, गंजली आहेत, पदरांना डाग पडतात. अडतीस स्टुलं, सदतीस बायका. अडतिसावं टेबलाच्या टोकाला ठेवलंय. त्यावर कोणी बसत नाही. सुपरवायझर त्यावर डबा ठेवायला गेला, तर सगळ्यांनी हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डबा उचलला.

काल वैजयंताकडे गेलो. नवघर रोडच्या मागची खोली. गॅसवर तोच टोप होता. मी बघत राहिलो तशी म्हणाली, "त्याचे पैसे माझ्या हिशोबातनं कापले. मग मी म्हटलं, पैसे माझे तर टोप माझा. आणला उचलून. भात होतोय चांगला, पण बुडाला पोचा ना, डुगडुगतो." आणि हसली.

तिच्या पायात गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे होते. विचारलं तर म्हणाली, "ताईनं आणले. पंचशीलाताईनं. ऑगस्टपासनं दर रविवारी येती की. पाय वर करून पट्टी बांधती, टाचा उचलायला लावती, गल्लीच्या टोकापर्यंत चालवती. तुमास्नी ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. ऑगस्टपासून दर रविवारी तू माझ्या दारापासून सात मिनिटांवर येत होतीस. मी तुला पत्रांतून शिकवत होतो की माणूस पाहत जा. घरी येऊन सुलूला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "मीच सोबत जायचे. चालायला नाही तर कुठं जायचे मी?"

वैजयंतानं खुर्ची पुढे केली. "बसा, भाऊ." मी उभाच राहिलो. मला बसणं शक्य नव्हतं.

तिनं खुर्ची आणखी पुढे सरकवली. मग म्हणाली, "आता कशाला? तुम्ही हुभं ऱ्हाऊन माझे पाय बरे हुनार का? बसा गप."

मी बसलो. म्हटलं, "वैजयंताबाई, मी तुमच्यावर अन्याय केला."

"व्हय," ती म्हणाली.  भात ढवळला. मग तिकडेच बघत म्हणाली, "एक सांगू का? रागावू नका. सोळा वरसं तुमची भाषणं ऐकली गेटवर. शिफ्ट सुटल्यावर. लई भारी बोलायचा तुम्ही. अंगावर काटा यायचा. पण लवकर संपावं असं वाटायचं."

"का?"

"पाय, भाऊ."

मी विचारलं, इतक्या वर्षांत एकदाही का नाही सांगितलं. ती म्हणाली, "कसं सांगणार? तुम्ही आमच्या बसण्यासाठीच बोलत होता की."

पंचू, मी हिशेब करणार होतो, सोळा वर्षांत किती सभा झाल्या, किती पाऊण तास. केला नाही. तूही डबा घेऊन तिथेच उभी असायचीस, भाषण संपेपर्यंत. तुझे पाय दुखायचे का, हे मी कधी विचारलं नव्हतं. आजही विचारत नाही, कारण तू खरं सांगशील.

दाराचं मी जूनमध्ये बोललो होतो ते मागे घेतो, पण त्याचा उपयोग नाही हे मला कळतं. तू येतेस त्या खोलीचा पत्ता वेगळा आहे आणि तिथे तुझी गरज आहे. रविवारी मी त्या गल्लीत येणार नाही. तू तिला चालवत असशील, मध्ये मी नको.

हे लिहायला बसून दीड तास झाला. सुलू दोनदा डोकावून गेली. चाळीस मिनिटांनी उठायचं असतं म्हणते, पंचशीला सांगते.

उठतो.

पप्पा